खलनायकाचा होकार

रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात पालकांच्या गप्पा रंगतात, तेव्हा मुलांच्या चित्रपटवेडाचा विषय निघाल्यावाचून राहत नाही. त्या गप्पांतून एक तक्रार आमच्या कानी वारंवार पडते. पूर्वीच्या चित्रपटांतील दुष्ट माणूस निखालस दुष्ट असे. त्याचा शेवट झाला की प्रेक्षक समाधानाने घरी परतत. आता मात्र मुले खलनायकासाठी हळहळतात, प्रसंगी डोळेही पुसतात. दुष्कृत्ये करणाऱ्याविषयी वाटणारी ही करुणा मुलांच्या मनातील बऱ्यावाईटाची सीमारेषा पुसट करीत नाही काय?

ही तक्रार हसण्यावारी नेण्याजोगी नाही, असे आम्ही मानतो. तिला सरसकट उत्तर देणेही कठीण आहे. म्हणून अशा प्रकारच्या एकाच भूमिकेचा बारकाईने विचार करावा, असे आम्ही योजिले आहे. भूमिका आहे २००४ साली प्रदर्शित झालेल्या 'स्पायडरमॅन २' या अमेरिकन चित्रपटातील डॉक्टर ऑटो ऑक्टेव्हियसची आणि ती साकारणारा नट आहे आल्फ्रेड मोलिना. त्या वर्षी हा चित्रपट पाहणारी मुले आज स्वतः आईबाप झाली आहेत आणि त्यांची मुले तोच चित्रपट घरच्या पडद्यावर पाहत आहेत. तेव्हा विषय जुना असला तरी शिळा नाही.

डॉक्टर ऑक्टोपस हे पात्र स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको या जोडीने १९६३ साली चित्रकथेसाठी निर्माण केले. पाठीला चार पोलादी भुजा चिकटलेला, स्वतःच्या बुद्धीच्या गर्वाने फुगलेला असा हा शास्त्रज्ञ. चित्रकथेच्या वाचकांना त्याची भीती वाटे, त्याची कीव करण्याचे कारण फारसे पडत नसे. दिग्दर्शक सॅम रायमी आणि पटकथाकार अल्विन सार्जंट यांनी या आराखड्यात एक घर उभे केले. शास्त्रज्ञाला रोझी नावाची प्रेमळ पत्नी दिली, जेवणाचे टेबल दिले, पाहुणा म्हणून आलेला एक हुशार विद्यार्थी दिला. हा विद्यार्थी म्हणजेच पीटर पार्कर, अर्थात लोकांपासून आपली ओळख लपवून वावरणारा स्पायडरमॅन.

मोलिनाचा जन्म १९५३ सालचा, लंडनचा. वडील स्पॅनिश, आई इटालियन. १९८१ सालच्या 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क'मध्ये नायकाला ऐन वेळी दगा देणाऱ्या वाटाड्याच्या छोट्या भूमिकेत तो प्रथम जगापुढे आला. 'फ्रिडा' (२००२) मध्ये त्याने चित्रकार दिएगो रिव्हेरा रंगविला. ज्या 'द दा विंची कोड' (२००६) चित्रपटावरून आपल्या समाजात मोठी खळबळ उडाली, त्यातील बिशपची भूमिकाही त्याचीच. थोराड बांधा, जाड भुवया, मऊ आणि भरदार आवाज. देखण्या नायकाचे रूप त्याच्यापाशी नाही. परंतु शेजारच्या बिऱ्हाडातला, ओळखीचा वाटणारा माणूस उभा करण्याचे सामर्थ्य त्याच्यापाशी आहे आणि या भूमिकेत तेच कामी आले.

पहिल्या भेटीचा प्रसंग पाहावा. विद्यार्थी घरी आला आहे. पतिपत्नी आपल्या तरुणपणीची हकिकत त्याला सांगत आहेत. तो विज्ञानाचा विद्यार्थी, ती इंग्रजी साहित्याची. एकमेकांचा विषय समजून घेताना झालेली त्रेधातिरपीट ती दोघे हसतहसत आठवतात. मोलिना येथे काहीही ठासून करीत नाही. पत्नी बोलू लागली की तो तिच्याकडे पाहतो आणि आपले वाक्य अर्धवट सोडून देतो. बुद्धी ही मानवजातीच्या कल्याणासाठी मिळालेली देणगी आहे, असे तो त्या मुलाला सांगतो, तेही उपदेशकाच्या थाटात नव्हे, तर पुतण्याला समजवावे तशा सुरात. अवघ्या काही मिनिटांत प्रेक्षकाला वाटू लागते की असा एखादा शिक्षक आपल्यालाही लाभावयास हवा होता.

मात्र याच प्रसंगात एक क्षण असा येतो की, घाईने पाहणाऱ्याच्या नजरेतून तो निसटतो. प्रयोगातील प्रक्रिया खात्रीने स्थिर राहील ना, अशी शंका विद्यार्थी भीतभीत काढतो. ऑक्टेव्हियस ती थट्टेवारी नेतो. हा आपल्या आयुष्याचा ध्यास आहे, लहानशा चुकीचे परिणाम आपण जाणतो, अशा आशयाचे तो बोलतो. हसू ओठांवर तसेच असते, पण आवाजात किंचित धार येते. शंका ऐकून घेतली जाते, विचारात घेतली जात नाही. पुढे जो अनर्थ ओढवतो त्याचे बीज यंत्रभुजांत नसून या एका वाक्यात आहे. मोलिनाने ते पेरले आणि त्यावर बोट न ठेवता तो पुढे गेला.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी ऑक्टेव्हियस आनंदाने उजळलेला आहे. जमलेल्या पाहुण्यांना तो एक साधा विनोद सांगतो. नोटांची गुंडाळी कोणाची हरवली आहे काय, तिचे रबर आम्हांला सापडले आहे! मग तो चार यंत्रभुजा पाठीवर चढवितो. सूर्याच्या पोटात चालणारी अणुमीलनाची क्रिया त्याला प्रयोगशाळेत घडवावयाची आहे आणि त्या दाहात माणसाचे हात टिकणार नाहीत, म्हणून ही सोय. भुजांना स्वतःची बुद्धी आहे. तिने मालकाच्या मेंदूचा ताबा घेऊ नये म्हणून मानेपाशी एक नियंत्रक चिप बसविलेली आहे. प्रयोग सुरू होतो, गोळा पेटतो, वाढतो आणि आवरेनासा होतो. तो बंद करा, असे स्पायडरमॅन ओरडून सांगतो. ऑक्टेव्हियस नकार देतो. सारे स्थिर होईल, असे म्हणत राहतो. त्याच गोंधळात फुटलेल्या काचेने रोझीचा प्राण जातो आणि विजेच्या लोळात चिप जळून जाते.

येथवरची कथा कोणत्याही साहसपटाला शोभेल. नियंत्रण करणारी चिप जळाली, आता भुजा बोलतील आणि माणूस ऐकेल. म्हणजे अपराध यंत्राचा, माणूस निर्दोष. अशी सोयीची पळवाट पटकथेने उघडी ठेवली होती. मोलिनाचे श्रेष्ठत्व आम्हांला यात दिसते की, त्याने या पळवाटेने जाण्याचे नाकारले.

याचा पुरावा नदीकाठच्या ओसाड धक्क्यावरील प्रसंगात मिळतो. रुग्णालयात भुजांनी शल्यविशारदांना ठार केले आहे. शुद्धीवर येताच ते दृश्य पाहून ऑक्टेव्हियसने फोडलेला टाहो अजून कानांत आहे. आता तो मोडक्या इमारतीत एकटा बसला आहे. पत्नी गेली, स्वप्न गेले, या राक्षसी भुजांसह आपणही नदीच्या तळाशी जावे, असे तो पुटपुटतो. मग भुजा त्याच्याभोवती फिरू लागतात आणि संवाद सुरू होतो. प्रेक्षकाला भुजांचे बोलणे ऐकू येत नाही, ऐकू येतात ती फक्त त्याची उत्तरे. एकाच बाजूने चाललेला हा संवाद नटाच्या कसोटीचा असतो.

तो प्रथम कबूल करतो की पीटरचे बरोबर होते, आपली आकडेमोड चुकली. क्षणभर थांबतो. मग म्हणतो, चूक झालीच नसेल. प्रयोग साधत आला होता, नाही का? मग तो पुन्हा उभारता येईल, पूर्वीपेक्षा मोठा. त्यासाठी पैसा हवा. चोरी करायची? नाही, नाही, आपण गुन्हेगार नव्हे. पुन्हा क्षणभर शांतता. आणि मग निर्णय येतो की, हाती घेतलेले काम अपुरे सोडणे हाच खरा गुन्हा.

या स्वगताची चढण मोलिनाने पायरीपायरीने बांधली आहे. प्रत्येक पायरीवर तो थांबतो, ऐकतो, नकार देतो आणि नकार देतानाच पुढच्या पायरीकडे पाहतो. आरंभी तो 'मी' म्हणत असतो. शेवटाला तो भुजांना धरून 'आपण' म्हणू लागतो. हा बदल केव्हा झाला हे सांगता येत नाही. मोह अनोळखी आवाजात बोलत नाही, तो आपल्याच आवाजात, आपल्याच आवडत्या शब्दांत बोलतो, हे आम्हां सर्वांना अनुभवाने ठाऊक असते. येथे भुजांनी त्याच्यावर जबरदस्ती केलेली नाही. त्याला जे ऐकावयाचे होते तेच त्यांनी त्याला ऐकविले. त्याने चुकीची कबुली मागे घेतली, तो क्षण त्याच्या होकाराचा. चोरी, अपहरण, संहार हे सारे नंतरचे.

याच वर्षी, २००४ मध्ये, मोलिना न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर 'फिडलर ऑन द रूफ' या संगीत नाटकात तेव्ये या गरीब यहुदी दूधवाल्याचे काम करीत होता. तेव्ये देवाशी बोलतो. त्याच्याही बाबतीत पलीकडचे उत्तर आपल्याला ऐकू येत नाही, ते नटाच्या चेहऱ्यावर वाचावे लागते. दोन भूमिकांत जमीनअस्मानाचे अंतर असले तरी न दिसणाऱ्याचे ऐकून घेण्याची ही कला दोन्हींकडे एकच आहे.

ऐकण्याच्या या कलेला मदत करणारे हात पडद्यामागे होते. त्या भुजा सर्व ठिकाणी संगणकाने काढलेल्या नव्हत्या. अनेक दृश्यांत खऱ्याखुऱ्या भुजा वापरल्या गेल्या आणि कळसूत्री बाहुल्या खेळवाव्यात तशी माणसे त्या चालवीत असत. एकेका भुजेमागे चार चार जण. प्रत्येक प्रसंगाची तालीम त्यांनी मोलिनासह केली. भुजांना त्याने लाडाची नावेही ठेवली होती. एका भुजेमागे स्त्री कलावंत होती, म्हणून तिचे नाव फ्लो. नाजूक कामे तिच्याकडे असत. चित्रपटाला दृश्यपरिणामांसाठी ऑस्कर मिळाले, ते योग्यच होते. पण त्या भुजा जिवंत वाटतात याचे निम्मे श्रेय मोलिनाच्या नजरेचे आहे. समोर काय आहे हे त्याला दिसते, म्हणून ते आपल्यालाही दिसते. बऱ्याच प्रसंगांत तर त्याचे डोळे काळ्या चष्म्याआड आहेत. तेथे त्याच्यापाशी फक्त मान आणि आवाज उरतो आणि तेवढ्यावर तो वेळ निभावून नेतो.

सर्वच काही निर्दोष आहे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. धक्क्यावरील प्रसंगानंतर बराच काळ पटकथा या माणसाला विसरते आणि तिला नुसता धसमुसळा राक्षस हवा असतो. बँकेतील दरोडा, आगगाडीवरील झुंज ही दृश्ये थरारक आहेत, पण त्यांत ऑक्टेव्हियसचे मन कोठे आहे याचा पत्ता लागत नाही. ट्रिटियमच्या मोबदल्यात स्पायडरमॅनला पकडून देण्याचा सौदा तो ज्या सहजतेने पत्करतो, ती सहजता जेवणाच्या टेबलावरील त्या गृहस्थाशी जुळत नाही. मोलिना ही दरी आपल्या रांगड्या विनोदाने बुजविण्याचा प्रयत्न करतो. ती पुरती बुजत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रोझीच्या मृत्यूसाठी चित्रपट अश्रू ढाळतो. रुग्णालयात मारल्या गेलेल्या डॉक्टरांसाठी आणि परिचारिकांसाठी कोणीही ढाळीत नाही. तो प्रसंग रायमीने भयपटाच्या शैलीत रंगविला आहे आणि प्रेक्षक दचकून पुढे जातो. त्या माणसांनाही घरे होती, वाट पाहणारी माणसे होती. खलनायकाविषयी करुणा जागी करताना त्याच्या बळींना विसरणे ही अशा चित्रपटांची खोड आहे आणि आमच्या पालकांच्या तक्रारीत तथ्य असेल तर ते येथे आहे. ऑक्टेव्हियसचा तो टाहो हेच त्या मृतांसाठी चित्रपटात उमटलेले एकमेव दुःख आहे. नटाने दिलेले ते ऋण पटकथेने फेडलेले नाही.

आता शेवटाकडे वळू. धक्क्यावर पुन्हा तोच गोळा पेटला आहे, या खेपेस सारे शहर गिळू शकेल इतका मोठा. पीटर आपला मुखवटा काढून गुरूसमोर उभा राहतो. एकेकाळी बुद्धीविषयी ऑक्टेव्हियसने जे सांगितले होते, तेच तो त्याला आठवण करून देतो. योग्य ते करावयाचे तर कधी कधी सर्वांत प्रिय गोष्टही, अगदी स्वप्नही, सोडावे लागते, असे सांगतो. मोलिनाचा चेहरा येथे उघडा आहे, काळा चष्मा नाही. ते आपले स्वप्न होते, एवढेच तो म्हणतो. त्या शब्दांत हट्ट नसतो, निरोप असतो. मग तो भुजांकडे वळतो, त्या प्रतिकार करतात आणि तो त्यांना बजावतो की आता माझे ऐका.

आमच्या मते साऱ्या चित्रपटाचा कणा हा आहे. चिप जळून गेलेली आहे. ती कोणी दुरुस्त केलेली नाही. तरीही भुजा त्याचे ऐकतात. याचा अर्थ त्या आधीही ऐकू शकल्या असत्या. धक्क्यावरील त्या पहिल्या रात्रीही त्याला हे शक्य होते. मोलिना हे जाणतो. भुजा शांत होतात त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर विजयाचा लवलेश दिसत नाही. एक अवघड उमज दिसते आणि तिच्यामागून येते ती लाज. आपण हे करू शकत होतो आणि आपण केले नाही! त्याचा अपराध येथे खरा ठरतो आणि म्हणूनच त्याचा पश्चात्तापही खरा ठरतो. राक्षस म्हणून मरणार नाही, असे म्हणत तो तो पेटता गोळा आपल्यासह नदीत बुडवितो. ज्या तळाशी जाण्याचे त्याने निराशेच्या भरात म्हटले होते तेथेच तो अखेर जातो, पण इतरांना वाचविण्यासाठी.

सतरा वर्षांनी, २०२१ साली, 'स्पायडरमॅन : नो वे होम' या चित्रपटात मोलिना याच भूमिकेत परतला. दिग्दर्शक जॉन वॉट्स. कथेच्या जादूने ऑक्टेव्हियसला मरणाच्या आधीच्या क्षणातून उचलून दुसऱ्या विश्वात आणले आहे. साठी ओलांडलेल्या नटाचा चेहरा संगणकाच्या साहाय्याने तरुण केला आहे आणि भुजा आता सर्वस्वी संगणकाच्या आहेत. या विश्वातील पीटरला, त्याच्या मे काकूच्या आग्रहावरून, खलनायकांना मारावयाचे नाही, बरे करावयाचे आहे. हेतू उदात्त आहे. ऑक्टेव्हियसला मात्र बांधून, तो नको नको म्हणत असता, नवी चिप बसविली जाते आणि दुसऱ्याच क्षणी तो सज्जन होतो.

या प्रसंगातही मोलिनाचे काम हृद्य आहे. डोक्यातील कलकल थांबल्यावर त्याच्या मुद्रेवर पसरणारी शांतता, स्वतःचा एकट्याचा आवाज बऱ्याच काळाने ऐकू आल्याचे ते नवल, हे पाहताना आमचा गळा दाटून आला. पुढे जुन्या पीटरची आणि त्याची भेट होते, तेव्हा दोघांच्या दोन शब्दांत वर्षांचे अंतर मावते. पण कथेने येथे काय केले, याचा विचार झाला पाहिजे. दुष्टपणा हा बिघडलेल्या यंत्राचा दोष ठरविला आणि दुरुस्ती कारागिराच्या हाती दिली. मग अपराध कोणाचा? पश्चात्ताप कशाचा? जो माणूस चुकण्यास मोकळा नव्हता तो सुधारण्यासही मोकळा राहत नाही. २००४ सालच्या ऑक्टेव्हियसने स्वतः वळून जे मिळविले, ते २०२१ सालच्या ऑक्टेव्हियसला आयते देण्यात आले. सुखान्त झाला खरा, पण आमच्या दृष्टीने त्या माणसाची उंची कमी झाली. आजारी माणसाला बरे करणे हे दयेचे काम आहेच. परंतु होकार देणाऱ्याला केवळ आजारी समजणे हा त्याचा एक प्रकारे अपमानच होय.

आता मूळ तक्रारीकडे येऊ. मुलांना खलनायकाविषयी करुणा वाटली तर बिघडते काय? ती करुणा कोणत्या प्रकारची आहे यावर ते अवलंबून आहे, असे उत्तर आम्हांला मोलिनाच्या या भूमिकेतून मिळाले. त्याचा दोष नव्हता म्हणून तो दयनीय आहे, असे मूल म्हणत असेल तर पालकांनी सावध व्हावे. दोष त्याचाच होता आणि तो आपल्यासारखाच एक माणूस होता, असे मूल म्हणत असेल तर त्या मुलाने चित्रपट नीट पाहिला आहे. अशा करुणेने बऱ्यावाईटाची रेषा पुसली जात नाही. ती दुसऱ्याच्या अंगणातून निघून आपल्या अंगणात येते, इतकेच.

म्हणून आमची पालकांना एक सूचना आहे. सुटीच्या दिवशी हा चित्रपट मुलांच्या शेजारी बसून पाहावा. तो संपल्यावर वाईट कोण आणि चांगला कोण, हा प्रश्न विचारू नये. त्याचे उत्तर मुलांना पाठ असते. त्याऐवजी विचारावे की, ऑक्टेव्हियसने होकार नेमका कोणत्या क्षणी दिला? कोणी रुग्णालयाचे नाव घेईल, कोणी बँकेचे. एखादे चुणचुणीत मूल कदाचित जेवणाच्या टेबलावरील त्या हसऱ्या वाक्याचे नाव घेईल. त्या घरी त्या संध्याकाळी बराच वेळ बोलणे चालू राहील, याविषयी आम्हांला शंका नाही.